वाळू वर जाते

समुद्र शांत असेल तेव्हाच त्याला मोजायचं, असा त्या कचेरीचा रिवाज होता. खवळलेल्या महिन्यांत होडी पाण्यात घालायची नाही, खांब आणि पट्टी घेऊन किनाऱ्यावर उतरायचं नाही. पूर्वी कधीतरी एका शिपायाचा पाय लाटेखाली मोडला होता, तेव्हापासून वरिष्ठांनी कानाला खडा लावला होता. त्या महिन्यांत कचेरीतले लोक चाळण्या घासत, अहवाल लिहीत, नव्यांना शिकवत आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या बदल्यांबद्दल बोलत. समुद्र निवला की पुन्हा मोजणी सुरू. एखाद्याला तो झोपलेला असतानाच भेटायचं आणि मग त्याचा स्वभाव कसा आहे ते जगाला सांगायचं, असलाच हा प्रकार. पण वर्षानुवर्षं चाललं की कुठलाही प्रकार शास्त्रशुद्ध वाटायला लागतो.

धाकटी या कचेरीत किनाऱ्याचा अभ्यास करायची. वाळू कुठून येते, कुठे जाते, कुठला किनारा खंगतो आणि कुठला भरतो, हे शोधणं तिचं काम. पंचेचाळिशी गाठली, केस पिकले, कचेरीत लोक तिला मॅडम म्हणू लागले. पण ज्या आळीत ती वाढली तिथे ती अजून धाकटीच होती, कारण थोरली तिथेच राहत होती. थोरलीला सगळी आळी ताई म्हणायची. आई गेली तेव्हा ताईने स्वतःची शाळा सोडली, होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवायला घेतल्या आणि धाकटीला शिकवलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिला गरजच पडली नाही, आळी होती बोलून दाखवायला.

शांत मोसम संपायला थोडे आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. धाकटी चाळणीच्या खोलीत वाळू तपासत होती. सोबत चाळण होता. चाळण म्हणजे वाळू चाळणारा मदतनीस. नाव कामावरून पडलं खरं, पण त्याच्या पोटात कुठलीही गोष्ट टिकत नसे, म्हणून ते त्याला शोभूनही दिसायचं. कुठल्याशा दुसऱ्या खात्याला शिंपल्यांच्या चुऱ्याचं प्रमाण हवं होतं, म्हणून किनाऱ्याच्या वरच्या वळणावरून वाळूच्या पिशव्या आल्या होत्या. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात ती वरची बाजू आणि डावा हात ती खालची, अशी तिथली बोलायची पद्धत. काम कंटाळवाणं होतं. कंटाळा घालवायला म्हणा की सवयीने म्हणा, धाकटीने चिमूटभर वाळू काळ्या पेटीत, जांभळ्या दिव्याखाली सरकवली आणि भोकाला डोळा लावला.

आत नारिंगी कण पेटले होते.

तिने डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. कण होतेच. चाळण म्हणाला, चाळणी नीट धुतली नसेल, मागच्या वर्षीचं काहीतरी चिकटून राहिलं असेल. स्वतःवर आळ घ्यायला तो इतका तयार कधीच नसायचा, पण तिचा चेहरा बघून त्याला तेवढंच सुचलं. दोघांनी चाळण्या ब्रशने घासल्या, पेटी पुसली, दुसरी पिशवी फोडली. नारिंगी. मग तिसरी फोडली आणि तिच्यातही तेच निघालं, तेव्हा धाकटी स्टुलावर बसली.

ती वाळू तिनेच रंगवली होती. मागच्या वर्षी, मोसमाच्या अगदी शेवटी, आळीसमोरच्या पाण्यात तिने रंगवलेल्या वाळूची पोती सोडली होती. साध्या उजेडात तो रंग डोळ्यांत भरत नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र निखाऱ्यासारखा दिसतो. रोज थोडी थोडी वाळू उचलून हे कण कुठवर गेले ते बघायचं, असा बेत होता. पण हवा लवकर बिघडली आणि नियमाप्रमाणे किनाऱ्यावरचं काम बंद झालं. समुद्र निवल्यावर त्यांनी खालच्या बाजूचा सगळा किनारा पालथा घातला. एक कण सापडला नाही. खोल पाण्यात विखुरली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं आणि विषय मिटला. वरच्या बाजूला शोधावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण वाळू वरून खाली जाते हे कचेरीला पाठ होतं. शांत महिन्यांत ती तशी जातेच. रोज मोजलं होतं त्यांनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा तरी कुठे घातला होता; एकाच बाजूला हेलपाटे घातले होते.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. शांत महिन्यांत लहान लाटा वरून तिरक्या येतात आणि वाळूला हळूहळू खाली ढकलतात. खवळलेल्या महिन्यांत मोठ्या लाटा खालून तिरक्या येतात आणि वर्षभरात खाली गेलेली सगळी वाळू, शिवाय आणखी तितकीच, काही आठवड्यांत वर लोटून नेतात. वाळू खाली जात नाही. वाळू वर जाते. फक्त ती जात असताना तिच्याकडे बघायला तिथे कोणी नसतं.

आणि बांध आळीच्या खालच्या टोकाला बांधला होता.

बांध म्हणजे किनाऱ्यापासून सरळ समुद्रात घुसलेली मोठाल्या दगडांची रांग. अशा बांधाच्या ज्या बाजूला वाळू येऊन अडते तिथे किनारा भरतो आणि पलीकडची बाजू उपाशी राहते. वरून येणारी वाळू आळीसमोर अडावी म्हणून तो खालच्या टोकाला बांधायचा, हे धाकटीच्या अहवालात लिहिलं होतं. तो पुरा झाला तो याच शांत मोसमात. आळीसमोर वाळू साठली, किनारा चांगला रुंद झाला, पोरं तिथे चेंडू खेळायला लागली. सुताराने आपली शेड पुढे वाढवून करवतीचं यंत्र बसवलं. धाकटीने समुद्र मागे ढकलला, असं लोक म्हणत. येत्या खवळलेल्या महिन्यांत खालून येणारी वाळू बांधाच्या पलीकडेच अडणार होती आणि आळीची होती ती वाळू वर निघून जाणार होती. तिच्या जागी यायला काही नव्हतं.

आळी तिथे राहिली होती ती ताईच्या शब्दावर. आळीसमोरचा किनारा खंगत चालला होता, म्हणून बांधाच्या आधी नगर कार्यालयाने टेकडीमागे नव्या खोल्या देऊ केल्या होत्या आणि निम्मी आळी जायला तयारही झाली होती. तेव्हा ताई सभेत उभी राहिली. ती म्हणाली, माझ्या बहिणीने मोजलंय. ती जा म्हणाली तर सगळ्यांच्या आधी मी जाईन, ती राहा म्हणाली तर मी राहणार. ताईने आजवर कोणाला दिलेला शब्द मोडला नव्हता, मग तो ताडपत्रीचा असो की लग्नाच्या बोलणीचा. लोक राहिले. टेकडीमागच्या खोल्या अजून बऱ्याचशा रिकाम्या होत्या, पण त्या काही आळीसाठी राखून ठेवलेल्या नव्हत्या.

धाकटी साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेटीत बराच वेळ पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. तीन पिशव्यांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, असं ते म्हणाले; पुढच्या शांत मोसमात नव्याने सगळी मोजणी करू. पुढच्या शांत मोसमात मोजायला आळी शिल्लक नसेल, असं धाकटी म्हणाली. त्यावर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं की पत्र पाठवायचं तर आधी समिती बसायला हवी, समितीचा कागद वर जाऊन खाली यायला हवा, तोवर कचेरीच्या नावाने एक शब्द बोलता येणार नाही. पण बहिणीला भेटायला जायला मी तुम्हाला कशी मनाई करणार, असंही ते म्हणाले. साप मरावा आणि काठीही तुटू नये, इतकी त्यांची इच्छा होती. धाकटीला त्यांचा राग आला आणि लगेच कळलं की हा राग त्यांचा नाही, स्वतःचाच आहे.

ताईचं घर आळीत पहिलं, समुद्राकडून आलं तर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढच्या खोलीत शिवणयंत्र आणि ताडपत्रीचे गठ्ठे, मागच्या खोलीत दाजी. दाजी बंदरावर क्रेन चालवायचे. फुप्फुसं खराब झाली तेव्हापासून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे आणि समुद्राला शिव्या द्यायचे. किनारा रुंद झाल्यावर ताईने नवी फरशी घातली होती. धाकटी आत आली तेव्हा ती फरशी नुकतीच पुसून झाली होती आणि ताईने तिला सवयीने सांगितलं, कडेने ये.

धाकटीने कडेला उभं राहूनच सगळं सांगितलं. नारिंगी कण, खवळलेले महिने, वर जाणारी वाळू. सांगताना तिने काही झाकलं नाही आणि काही सजवलंही नाही. ताई यंत्रावर बसली होती. तिने चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"म्हणजे बांध चुकीच्या टोकाला बांधला," ताई म्हणाली.

"हो."

"तू सांगितलंस तिथेच बांधला ना?"

"मी सांगितलं तिथेच."

आतून दाजी म्हणाले, "म्हणजे समुद्राची काही चूक नाही. मी बिचाऱ्याला उगाच शिव्या देत होतो." एरवी तिघं हसली असती.

"आता तरी खात्री आहे तुला?" ताईने विचारलं.

"आहे."

"मागच्या वेळीही होती."

ताई हे रागाने बोलली नाही. हिशेब जुळतो का बघावा तसं बोलली आणि म्हणूनच ते धाकटीला झोंबलं. मागच्या वेळीही तिला अशीच खात्री होती, उलट जास्तच होती, कारण तेव्हा हाताशी वर्षानुवर्षांचे आकडे होते आणि आता तीन पिशव्या वाळू. ताईने उठून चहा टाकला. मग म्हणाली, मला एकटीला सांगून भागणार नाही, आळीला सांग. मी नाही सांगणार, तूच सांग.

आळी सुताराच्या शेडमध्ये जमली. लाकडाच्या भुशाचा वास होता आणि समोर तो रुंद किनारा ऊन खात पडला होता. त्याच्याकडे पाठ करून धाकटीला सांगायचं होतं की तो टिकणार नाही. तिने सांगितलं. पेटी सोबत आणली होती, ती हातोहात फिरवली. लोकांनी एकेक करून भोकाला डोळा लावला, नारिंगी ठिपके पाहिले आणि पेटी पुढे दिली. पोरांना ती फार आवडली.

सुतार म्हणाला, "समोर डोळ्यांना दिसतंय ते खोटं आणि तुझ्या डब्यातलं खरं?"

त्याचं चुकत होतं असं कोण म्हणेल? त्याने शांत मोसमात शांत समुद्र पाहिला होता. कचेरीने दुसरं काय केलं होतं? खवळलेल्या महिन्यांत आळीही दारं लावून, फटींत चिंध्या कोंबून बसायची. लाटा कुठून येतात ते सगळ्यांना माहीत होतं, पण पाण्याखालून वाळू कुठे जाते ते दाराच्या आडून कोणाला दिसणार?

मग कोणीतरी ते बोललंच. किनारा अरुंद होता तेव्हा राहा म्हणत होते, आता रुंद झाला तर जा म्हणतात. कोणाच्या तरी डोळ्यांत भरला असेल हा किनारा. कुजबुज वाढली. ताडपत्रीला काज करून देणारी एक म्हातारी धाकटीला जवळ घेऊन म्हणाली, "तू नाहीस गं तशी. पण वरचे लोक सांगायला लावतात. आम्हाला कळतं." शिव्या दिल्या असत्या तर धाकटीने त्या मुकाट ऐकून घेतल्या असत्या, पण या मायेपुढे तिचं काही चालेना. राहा म्हणाली तेव्हा ती त्यांची धाकटी होती. जा म्हणाली आणि ती कचेरीची झाली.

सगळे ताईकडे वळले. ताई दाराशी उभी होती. सभेत तिने काय म्हटलं होतं ते सगळ्यांना आठवत होतं आणि तिलाही. ती म्हणाली, "तिने सांगितलं ते ऐकलंत." एवढंच बोलून ती घरी गेली. धाकटीला वाटलं, ताईने आपल्याला तोंडघशी पाडलं. पेटी उचलून ती निघाली तेव्हा शेडमध्ये करवत सुरू झाली होती.

पुढचे काही दिवस तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. नगर कार्यालयात तिला विचारलं की तुमचं पत्र कुठे आहे. तिने आपल्या कचेरीत विचारलं की समिती कधी बसणार, तर सभासद गावाला गेले होते. चाळणने ही गोष्ट अर्थातच गावभर केली होती, पण चाळणच्या तोंडून आलेली गोष्ट कोण खरी मानणार? हवा जड झाली. क्षितिजावरून लांब, सपाट लाटा येऊ लागल्या, अजून वरूनच, पण मधूनच एखादी खालून.

एका सकाळी दाजींचा फोन आला. ताई छतावर चढली आहे, लवकर ये, मला शिडीही धरवत नाही, असं म्हणून त्यांना खोकल्याची उबळ आली.

धाकटी पोचली तेव्हा आळी पाण्याच्या नळावर होती, म्हणजे सगळे बाहेर होते. ताईने वेळ नीट निवडली होती. ती छपराच्या आढ्यावर बसली होती, कमरेला ताडपत्रीची पट्टी बांधून, हातात पाना. पत्र्यांचे बोल्ट ती एकेक करून सोडवत होती आणि सुटा झालेला पत्रा खाली सरकवत होती. पत्रा खाली पडला की सगळी आळी दचकायची. दाजी खुर्चीसकट रस्त्यात येऊन बसले होते, मांडीवर शिवणयंत्राचं डोकं सांभाळत. दारं-खिडक्या आधीच काढून भिंतीला टेकवल्या होत्या. आतली नवी फरशी उन्हात चकचकत होती.

धाकटी शिडीवरून अर्धी वर गेली. "ताई, सामान हलवलं असतंस तरी पुरे होतं," ती हळूच म्हणाली. "घर कशाला मोडतेस?"

"सामान हलवलं तर म्हणतील, बहिणीकडे राहायला गेली. चार दिवसांनी येईल परत," ताई म्हणाली. तिने पाना बोल्टवर बसवला आणि दोन्ही हातांनी जोर दिला. "घर मोडलं तर काही म्हणता येणार नाही."

"मी मदत करते."

"नको. तू जा. तू इथे असलीस की लोक तुझ्याकडे बघतात. त्यांनी घराकडे बघायला हवं."

धाकटी शिडीवरून उतरली. ताईने तिला दिवसभर शिवून शिकवलं होतं, बोर्डाच्या परीक्षेला तिच्यासोबत केंद्राबाहेर उभी राहिली होती, आणि आता तिला नजरेआड हो म्हणून सांगत होती. आणि ते बरोबर होतं. आळीतून जाताना नळावरच्या बायकांनी तिला वाट दिली. वळणापर्यंत तिला मागे पत्रे पडल्याचा आवाज ऐकू येत होता, एकामागून एक, एकाच छपरावरून.

त्या दिवशी आणखी कोणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी काज करणारी म्हातारी बोचकं घेऊन निघाली. ताईने आपलं घर मोडलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं ती वाटेत सगळ्यांना सांगत गेली. मग जाळी विणणारे भाऊ निघाले, मग त्यांच्या शेजारचे. नगर कार्यालयाच्या दारात बोचक्यांची रांग लागली, तेव्हा तिथल्या कारकुनाने आरडाओरडा केला आणि शेवटी, दारातून आत-बाहेर जाता येईना म्हणून, किल्ल्या दिल्या. साहेबांचं पत्र आलं ते आळी बहुतेक रिकामी झाल्यावर. वरातीमागून घोडं, पण घोडं आलं एवढं खरं.

सुतार मात्र राहिला. यंत्र नवं होतं, जमिनीत बोल्ट मारून बसवलेलं, आणि त्याची आई अंथरुणावर होती. आज नेतो, उद्या नेतो, असं त्याचं चाललं होतं. ताई त्याच्याकडे दोनदा गेली. दुसऱ्यांदा त्याने तिला विचारलं की ताई, तुझ्याच शब्दावर मी ही शेड वाढवली ना? ताई परत आली.

समुद्र खवळला तो बेताचाच. म्हातारे म्हणाले, याहून मोठी वादळं पाहिली. पण समोरची वाळू रोज उतरत गेली, पायरीपायरीने, आणि जी गेली तिच्या जागी नवी आलीच नाही. बांधाच्या पलीकडे मात्र वाळूचा ढीग वाढत होता. इतका सुंदर किनारा तिथे कधी कोणी पाहिला नव्हता आणि तिथे एकही घर नव्हतं. मग एका पहाटे पाणी सुताराच्या शेडखाली शिरलं आणि जमीन यंत्रासकट खाली बसली. सुताराला होड्या बघायला उतरलेल्या जाळीवाल्या भावांनी ओढून काढलं. त्याची आई सापडली ती आठवड्याने, वरच्या वळणावर. नारिंगी कण निघाले होते तीच ही जागा, हे धाकटीला ऐकल्याबरोबर कळलं. तिने सांगितलं होतं ते बरोबर निघालं होतं, अगदी बरोबर, आणि याबद्दल तिचं कोणी अभिनंदन करू नये एवढीच तिची इच्छा होती. चाळणने केलंच. नंतर त्याने माफी मागितली.

ताईच्या घराची जागा त्याच आठवड्यात गेली. फरशी सगळ्यात शेवटी गेली.

पुढे साहेबांनी नियम बदलला. आता खवळलेल्या महिन्यांतही मोजणी होते, कमरेला दोर बांधून. धाकटीच जाते. नवीन अहवालात बांध काढून वरच्या टोकाला न्यावा असं लिहिलं आहे, पण तिथे आता सांभाळायला कोण आहे, असं नगर कार्यालयाने विचारलं आहे.

टेकडीमागच्या खोल्या नीटनेटक्या आहेत. ताईला पहिल्या मजल्यावरची मिळाली. दाजींना जिना चढवत नाही, म्हणून ते वरच असतात आणि आता टेकडीला शिव्या देतात. यंत्र खिडकीशी आहे. सुतार खालच्या मजल्यावर राहतो. ताई समोर दिसली की तो नमस्कार करतो, पण थांबत नाही. धाकटी दर रविवारी जाते. ताई तिच्याशी कधी वाकडं बोलली नाही. जेवायला वाढते, कचेरीचं विचारते, केसांना तेल लाव म्हणते.

एका रविवारी धाकटी आत बसली असताना बाहेर गॅलरीत बायका जमल्या होत्या. टेकडीच्या पोटातून मागच्या भिंतीला ओल येत होती. माती सरकते आहे की काय, असं त्यांच्यात चाललं होतं. काज करणारी म्हातारी म्हणाली, "ताई, धाकटी आलीय ना? तिला विचार की. ही टेकडी राहील ना जागेवर?"

"विचारते," ताई म्हणाली.

धाकटीने हातातला पेला खाली ठेवला. टेकडीबद्दल तिला फारसं माहीत नव्हतं, पण कोणाला विचारायचं ते माहीत होतं, आणि काय काय बघायला हवं तेही. मला एवढं माहीत आहे आणि एवढं माहीत नाही, असं या वेळी नीट सांगायचं, हे तिने मनाशी ठरवलं. ती वाट बघत बसली.

ताई आत आली. तिने यंत्रावरची ताडपत्री सरळ केली, सुईत दोरा ओवला. मग म्हणाली की नळाला हल्ली पाणी उशिरा येतं, तू निघण्याआधी तुझी बाटली भरून घे. धाकटीने बाटली भरून घेतली. संध्याकाळ होईपर्यंत ती थांबली होती, पण ताईने तिला काही विचारलं नाही.